जागतिकीकरण, दर गुरुवारी सहा वाजता

प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात, ही फार सोयीची गोष्ट आहे. हसू आलं तर कुणाला दिसत नाही. माझा अनुभव असा, की हसायची मुभा असते तिथे किस्से फारसे घडत नाहीत. गंभीर तोंड करून बसायचं असतं तिथेच ते साठत जातात.

माझ्याकडे साठलेत ते धुळ्याच्या आमच्या चर्चच्या शास्त्रवर्गातले, म्हणजे बायबलच्या अभ्यासवर्गातले. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. दर गुरुवारी संध्याकाळी सहाला आम्ही सात-आठजण पाळकसाहेबांच्या व्हरांड्यात जमायचो. मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते. अक्षर बरं म्हणून वर्गाची सेक्रेटरी मलाच केलेलं, म्हणजे कोण काय बोललं ते वहीत उतरवायचं. ती वही अजून चर्चच्या कपाटात असेल. वहीत जे लिहिता आलं नाही, ते इथे सांगते.

* * *

एका गुरुवारी पाळकसाहेबांनी वरच्या ऑफिसातून आलेलं परिपत्रक वाचून दाखवलं. वर्षभराचा अभ्यासविषय होता, 'जागतिकीकरण आणि ख्रिस्ती नीती'. शब्द एवढा लांब, की साहेबांना मध्ये श्वास घ्यावा लागला. त्या काळी तो शब्द पेपरात रोज यायचा आणि सगळे तो समजल्यासारखा वाचायचे. विचारायची हिंमत फक्त शमुवेलनानांकडे होती.

नाना आमच्यात सगळ्यात मोठे. शिंदखेड्याकडचे, आयुष्यभर शेती केलेली, आता मुलाकडे धुळ्यात राहायला आलेले. प्रमाण मराठी त्यांना यायची, पण देवाधर्माचं ते अहिराणीतच बोलायचे. त्यांनी अर्थ विचारला. साहेबांनी सोपं करून सांगितलं, की व्यापार खुला होणार, देशादेशांमधल्या भिंती पडणार, आणि हळूहळू सगळं जग म्हणजे एकच गाव होणार. शास्त्रातही सगळी माणसं एकाच बापाची लेकरं आहेत, तेव्हा आपण याचं स्वागत करायचं की सावध राहायचं, हा विचार करायचा आहे.

नानांनी मान डोलावली.

"बठ्ठं जग एक गाव व्हई, ते ठीक शे. पन त्या गावना पाटील कोन व्हई?"

त्या दिवशीचा वर्ग तिथेच संपला. वहीत मी लिहिलं, "विषयाची प्रस्तावना झाली."

* * *

वर्गात तरुण म्हणावा असा एकटा डेव्हिड. बी.ए. झालेला, नोकरी नाही. जग एक होणार म्हटल्यावर त्यानं ओळखलं, की आता इंग्रजी लागणार. गल्ली नंबर चारमध्ये त्यानं स्वतःच्या घरातली पुढची खोली रिकामी केली, फळा लावला आणि 'इंग्लिश स्पीकिंग कोर्स'ची पाटी रंगवून घेतली. उद्घाटनाच्या प्रार्थनेला पाळकसाहेबांना बोलावलं.

अडचण अशी झाली, की त्याच आठवड्यात साहेबांनी आम्हाला बाबेलचा बुरूज शिकवला होता. साऱ्या पृथ्वीची एकच भाषा होती, माणसांना गर्व झाला, ती आभाळाला भिडणारा बुरूज बांधायला निघाली, आणि देवानं त्यांच्या भाषेचा घोटाळा करून टाकला. साहेबांनी यावर तासभर बोलून सांगितलं होतं, की सगळ्या जगाला एकच भाषा बोलायला लावणं हे देवाच्या मनात नाही. तेव्हा डेव्हिड पुढच्याच खुर्चीवर बसला होता आणि मान हलवत होता.

साहेब तत्त्वाचे पक्के होते, पण डेव्हिडचं त्यांना वाईटही वाटत होतं. आई विधवा, घरात कमावणारं कुणी नाही. फळ्यासमोर उभे राहून त्यांनी डोळे मिटले.

"हे प्रभू, बाबेल इथे तू भाषांचा घोटाळा केलास. डेव्हिड तो दुरुस्त करायला निघाला आहे. त्याच्यावर रागावू नकोस."

डेव्हिड सगळ्यांत मोठ्यानं 'आमेन' म्हणाला. क्लास पुढे चांगला चालला.

* * *

उपासकाळ आला. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आपल्या आवडीची एखादी गोष्ट सोडायची, ही आमच्यात पद्धत. त्या वर्षी विषयाला धरून साहेबांनी सुचवलं, की प्रत्येकानं एक परदेशी वस्तू सोडावी. आपल्याला कशाची गरज आहे आणि कशाची नुसतीच हाव, ते कळेल.

सगळ्यांना पटलं. डेव्हिडनं बाटलीतलं काळं पेय सोडलं. साहेबांनी दाढीचा फेस सोडला आणि चाळीस दिवस साध्या साबणानं गाल कापून घेतले. मी केबलवरची एक मालिका सोडली. तिच्यातली माणसं अमेरिकेत राहायची आणि मला त्यांच्या घरातलं सगळं ठाऊक होतं. शेजारच्या बाईंच्या सुनेचं नाव ठाऊक नव्हतं, हे मला त्या चाळीस दिवसांत कळलं.

राहिले नाना. त्यांच्याकडे परदेशी असं काहीच सापडेना. धोतर इथलं, तंबाखू इथली. त्यांनी प्रामाणिकपणे शोध घेतला आणि मग काळजीनं साहेबांना विचारलं,

"मंग आपला धर्म बी सोडना पडी का?"

नाना विनोद करत नव्हते. आयुष्यभर गावात कुणी ना कुणी त्यांना हे ऐकवलंच होतं, की तुमचा देव गोऱ्यांचा. साहेबांनी उठून आतून शाळेचा नकाशा आणला, जमिनीवर पसरला आणि नानांचं बोट धरून बेथलेहेमवर ठेवलं. तिथून तेच बोट हळूहळू सरकवत धुळ्यापर्यंत आणलं. मध्ये गोऱ्यांचा देश एकही लागला नाही.

नानांनी तेच बोट पुन्हा एकदा स्वतःच फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "मंग चालस."

* * *

परिपत्रक पाठवणाऱ्यांनी एक जर्मन प्राध्यापकही पाठवले. ते ईश्वरविज्ञान शिकवायचे आणि जागतिक बाजाराचा गरिबांवर काय परिणाम होतो ते त्यांना गरिबांच्याच तोंडून ऐकायचं होतं. फार सज्जन गृहस्थ. धुळ्याच्या एप्रिलमध्येही त्यांनी कोट काढला नाही.

आम्ही त्यांना शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर घेऊन गेलो. तिथे सुरतीबाई नावाची पावरा समाजातली म्हातारी होती. दहा-बारा घरांच्या त्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत तिच्या शब्दाला मान होता. प्राध्यापक इंग्रजीत विचारायचे, डेव्हिड त्याचं मराठी करायचा आणि तिथला प्रचारक ते पावरीत सांगायचा. उत्तर उलट्या वाटेनं यायचं.

सुरतीबाईनं आधी सगळ्यांना भाकरी आणि ठेचा खायला लावला. पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं भक्तीचं समजून त्यांना आणखी ठेचा वाढला. मग प्राध्यापकांनी वही काढून मुख्य प्रश्न विचारला. जगाचा बाजार तुमच्या दारापर्यंत आला, त्यामुळे तुमच्या आयुष्यात काय बदललं?

प्रश्न तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. उत्तर मात्र लगेच आलं.

"आधी कोणी विचारायला येत नव्हतं."

प्राध्यापकांनी ते लिहून घेतलं आणि खाली दोनदा रेघ मारली.

* * *

याकोबभाऊंचं मात्र सांगताना मला अजून जरा थांबावं लागतं. ते मूळचे जामनेरकडचे. सूतगिरणीत नव्हे, कापडाच्या मिलमध्ये होते. बावीस वर्षं तयार कापड तपासायचं काम केलं. दोष दिसला की खडूनं खूण करायची आणि ताका बाजूला काढायचा. मिल बंद पडली. बाहेरचं कापड स्वस्त येतं, असं कुणी म्हणालं. मालकांनाच चालवायची नव्हती, असंही कुणी म्हणालं. याकोबभाऊ वर्गाला यायचे, मागच्या बाकावर बसायचे. त्यांच्या शर्टाची कॉलर उलटून शिवलेली असायची.

त्या थंडीत परदेशातल्या चर्चच्या मंडळ्यांकडून जुन्या कपड्यांचे तीन गठ्ठे आले, गरिबांना वाटायला. पाळकसाहेबांच्या मनात पहिलं नाव याकोबभाऊंचं होतं, पण द्यायचे कसे? माणूस मानी. शेवटी साहेबांनी त्यांना गठ्ठे उतरवायला मदतीला बोलावलं, म्हणजे समोर दिसलं तर एखादा घेतील.

याकोबभाऊंनी वरचा पांढरा शर्ट उचलला. उजेडात धरला. कापड दोन बोटांत घासलं. आम्ही सगळे दुसरीकडे बघत असल्याचं सोंग करत होतो.

"कापड चांगलं आहे," ते म्हणाले. "पण इथे दोरा सुटलाय. आमच्याकडे हा पास झाला नसता."

आणि त्यांनी तो बाजूला ठेवला. मग दुसरा उचलला. तिसरा. संध्याकाळपर्यंत तिन्ही गठ्ठे तपासून झाले. दुसऱ्या दिवशी ते घरून शिलाई मशीन घेऊन आले, आणि आठवडाभर व्हरांड्यात बसून त्यांनी प्रत्येक कपड्याची बटणं, उसवण, फाटके खिसे नीट केले. फाटलेलं दान द्यायचं नाही, एवढंच कारण सांगितलं.

वाटपाच्या दिवशी साहेबांनी त्यांना हात धरून सांगितलं, की याकोबभाऊ, यातला एक तरी तुम्ही घ्या.

"साहेब, मी तपासनीस आहे," ते म्हणाले. "तपासणाऱ्यानंच माल घरी नेला, तर त्याच्या खुणेवर कोण विश्वास ठेवेल?"

* * *

आता मार्थाअक्का. मिशन हॉस्पिटलमध्ये पस्तीस वर्षं नर्स. अर्धं धुळं त्यांच्या हातावर जन्मलेलं. वर्गात त्या कमी बोलायच्या. एकुलती मुलगी शीला तीही नर्स, पण मस्कतला. तिथे एका घरी राहून एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायची. दोन वर्षांतून एकदा सुट्टी.

अक्कांचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. शीलाला येता येईना. जिची देखभाल करायची ती म्हातारी दुसऱ्या कुणाच्या हातचं जेवत नव्हती. शीलानं रडत रडत पत्र लिहिलं. अक्कांनी ते वाचून उशीखाली ठेवलं.

हॉस्पिटलात त्यांची सेवा करायला अन्नम्मा नावाची केरळची नर्स होती. अक्कांचे केस विंचरता विंचरता तिनं एकदा सांगितलं, की तिची आईसुद्धा गावी अंथरुणावर आहे आणि तिच्याकडे एक तमिळ मुलगी ठेवली आहे. अक्कांनी विचारलं, त्या मुलीच्या आईला कोण बघतं? अन्नम्माला ते माहीत नव्हतं.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी अक्कांनी मला मस्कतचा कॉल लावून द्यायला सांगितलं. तेव्हा परदेशाचा कॉल आधी बुक करायचा आणि लागेल तेव्हा लागायचा. एक्स्चेंजमधल्या माझ्या मैत्रिणीनं दुपारी लाइन दिली. अन्नम्मानं अक्कांना चाकाच्या खुर्चीतून मेट्रनच्या ऑफिसात आणलं. भेटायला आलेले पाळकसाहेबही मागे उभे राहिले. मला वाटलं, अक्का आता रडतील, ये म्हणतील.

शीला पलीकडून रडतच होती, ते आम्हाला रिसिव्हरबाहेरही ऐकू येत होतं. अक्कांनी तिला रडू दिलं. मी बरी आहे, टाके सुकताहेत, एवढं सांगितलं. मग विचारलं, की त्या बाई जेवल्या का? आणि म्हणाल्या, "त्यांच्याकडे दे."

शीला बहुतेक काही समजावत होती. अक्का म्हणाल्या, "दे ना तू."

त्या म्हातारीला अरबीखेरीज काही येत नव्हतं. अक्कांना मराठीखेरीज काही नको होतं. पलीकडून एक घोगरा, थकलेला आवाज येऊ लागला. तो थांबला, की अक्का बोलायच्या, सावकाश, जशा दुपारी ओट्यावर बोलतात तशा. मग पुन्हा तो आवाज. एकदा दोघी एकदम बोलल्या आणि दोघी एकदम थांबल्या. एकदा तर अक्का चक्क हसल्या आणि टाक्यांवर हात दाबून धरला. अन्नम्मा खुर्चीची मूठ धरून उभी होती, तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं होतं.

लाइन तुटली. अक्कांनी रिसिव्हर जपून जागेवर ठेवला.

पाळकसाहेब खाली वाकले आणि हळूच विचारलं, की अक्का, काय बोलणं झालं?

अक्कांनी पदर नीट केला.

"तिचेपण गुडघे दुखतात," त्या म्हणाल्या.