तात्या उठून उजव्या बाजूला बसले

गेल्या आठवड्यात आष्ट्याच्या बाजारात माझ्या चुलत्यांनी मला तीन हाका मारल्या आणि मी वळूनसुद्धा पाहिलं नाही... संध्याकाळपर्यंत ही बातमी आमच्या अख्ख्या गावात पसरली होती.

तात्या म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. भरतीच्या तयारीला मी कॅनॉलच्या रस्त्यानं पळायचो आणि हे सायकलवर मागून ओरडत यायचे. मी फौजेत गेलो तो त्यांच्यामुळं. तोफखान्यात सतरा वर्षं काढून तीन महिन्यांपूर्वी हवालदार म्हणून रिटायर झालो, घरी आलो, तेव्हा गावच्या कमानीपाशी पहिला हार त्यांनीच घातला होता.

पण असं घडायची ही पहिलीच वेळ नव्हती. दूध डेअरीवर कुणीतरी "काय फौजी, बरं हाय का?" म्हणायचं आणि मी तसाच पुढं निघून जायचो. एका मित्रानं तोंडावर सांगितलं, "गड्या, पेन्शन लागली आन तुला माज आला, असं बोलत्यात लोक." मी हसून सोडून दिलं.

घरातही काहीतरी बिघडत होतं. माझी बायको, सुनीता, सुरुवातीला काम करता करता सारखी बोलायची... मग हळूहळू गप्प झाली. मला वाटलं, इतकी वर्षं एकटीनं संसार केलाय, तिला माझी सवय राहिली नसेल.

खरं कारण वेगळं होतं. माझा डावा कान गेलाय.

गेल्या वर्षी सीमेवर गोळाबारी सुरू होती. वर ड्रोनची घरघर, खाली आमच्या तोफा... एक दिवस समोरून आलेला गोळा अगदी जवळ फुटला. मला खरचटलंसुद्धा नाही. फक्त कानात शिट्टी वाजायला लागली आणि ती थांबली तेव्हा त्या बाजूचं सगळंच थांबलं होतं.

त्याच गोळ्यानं आमच्यातल्या एकाचा पाय गेला. हॉस्पिटलात त्याच्या खाटेशेजारी बसून मी माझ्या कानाचं काय रडगाणं गाणार? घरी फोनवर "मी ठणठणीत आहे" म्हणालो... आणि तेच पुढं चालू ठेवलं.

बाजारातल्या प्रकाराच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मुलीचा वाढदिवस होता. तात्या आले नाहीत. आजवर एकही वाढदिवस त्यांनी चुकवला नव्हता. रात्रभर ते मनातून जाईना.

सकाळी उठून त्यांच्या घरी गेलो. ते पायरीवर बसले होते. मी शेजारी टेकलो, नेमका अशा बाजूला की ते माझ्या डावीकडे आले. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या मोठ्यानं गाणी लावून चालल्या होत्या. त्या आवाजात मला वाटलं, तात्या गप्पच आहेत. सहज मान वळवली तर त्यांचे ओठ हलत होते. रस्त्याकडं बघत ते केव्हापासून बोलत होते आणि डोळे भरून आले होते.

तेव्हा मात्र राहवलं नाही.

"तात्या, ह्या कानानं मला ऐकू येत न्हाई."

"आं?"

"गोळ्याच्या आवाजानं गेलाय. बाजारात तुमी हाक मारल्याली मला खरंच कळली न्हाई."

ते माझ्याकडं वळले. "सुनीताला म्हाईत हाय?"

"न्हाई. कुणालाच न्हाई."

मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवतील. तात्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, उठायचं म्हणजे भिंत धरावी लागते. ते भिंत धरून उठले, माझ्यासमोरून फिरून उजव्या बाजूला आले आणि कण्हत खाली बसले.

"आता पयल्यापासनं सांगतो. नीट ऐक."

आणि मग शिव्यांसकट सगळं परत ऐकवलं! चार लोकांसमोर कशी मान खाली गेली, वाढदिवसाला धुतलेली कापडं घालून कसे बसले आणि पाय कसा उचलला नाही... शेवटी म्हणाले, "आन ह्ये कानाचं लपवलंस, त्येचा राग येगळाच हाय. त्यो उद्या काढतो." मी हसत होतो, डोळेही पुसत होतो.

घरी आलो तेव्हा सुनीता कणीक मळत होती. सांगितल्यावर तिचे हात परातीतच थांबले.

"म्हंजे तीन म्हयनं मी भिताडाशी बोलत हुते व्हय? आन मला वाटायचं, ह्यांचं मन अजून तिकडंच हाय... आपलं बोलणं नकोसं झालंय."

तिनं परात बाजूला सारली. मग हळू विचारलं, "दुखतो का वो?"

गावात सांगायचं काम तात्यांनी आपणहून केलं. आता डेअरीवर लोक वळसा घालून उजवीकडून येतात. काहीजण उगीचच ओरडून बोलतात, जणू दोन्ही कान गेलेत... पण त्यांना मी काही म्हणत नाही. छान वाटतं.

काल आम्ही दोघं मोटरसायकलवरून सांगलीला कान दाखवायला गेलो होतो. मशीन बसवून थोडाफार फरक पडेल म्हणतात, बघू. परत येताना सुनीता माझ्या उजव्या खांद्याला हनुवटी टेकून अख्खा रस्ता बोलत होती. माहेरचं, मुलीच्या शाळेचं, व्यायला आलेल्या म्हशीचं... गाडी मी मुद्दाम सावकाश चालवली.

माझ्यासारखे जे कोणी परत आलेत त्यांना एकच सांगणं... जे काही झालंय ते घरी सांगून टाका. आपली माणसं उठून बाजू बदलतात.