कापायचं नाही, दुमडायचं

"नॉट कट, लव्ह. फोल्ड."

एवढं म्हणून ती समोरच्याच्या हातातली कात्री काढून घ्यायची. हिसकावून नव्हे; तान्ह्या बाळाच्या तोंडातून बटण काढावं तशी, हळूच आणि न विचारता.

इकडे ऑस्ट्रेलियात, क्लेटन स्टेशनजवळच्या त्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात मी लागले आणि पहिल्याच दिवशी माझी कात्री अशी वारंवार गेली. मी पुण्याहून शिवणकामाचा डिप्लोमा घेऊन आलेली, अंगात मस्ती भरपूर. ही जपानी म्हातारी मला काय शिकवणार? वय पंच्याहत्तरीपुढे, उंची माझ्या खांद्याएवढी, आणि इंग्रजी इतकं अस्सल इथलं की दुपारला 'आर्वो' म्हणायची. महायुद्धानंतर जपानात तैनात असलेल्या एका ऑस्ट्रेलियन शिपायाशी लग्न करून ती बोटीने इकडे आली होती. शिपाई केव्हाच वारला. ती राहिली.

ते दिवस विद्यार्थ्यांच्या लोंढ्याचे. आपली पोरं विमानं भरभरून उतरायची, आणि युनीचा, म्हणजे विद्यापीठाचा, रस्ता पाठ व्हायच्या आधी सिक्युरिटी गार्डची नोकरी धरायची. पॅन्ट मिळायची ती सहाफुटी माणसाच्या मापाची. आमच्या लातूरच्या पोराच्या पायात तिचा बाजाच्या पेटीचा भाता व्हायचा. मी म्हणायची, कापून टाकू. ती म्हणायची, हा नोकरी सोडेल, पॅन्ट मित्राला देईल, त्या मित्राचे पाय लांब असले तर? मग चार बोटं कापड आत दुमडून मुंगीच्या पावलांएवढी हातशिलाई घालायची. पोरं तिला 'आजी' म्हणायची आणि ती चक्क 'ओ' द्यायची.

ही दुमडायची खोड किमोनोतून आलेली. किमोनो म्हणजे एका लांबलचक ठाणाचे सरळ तुकडे. गळ्याला गोलाई नाही, कंबरेला कापाकापी नाही. अंगापेक्षा लांब असला तर कंबरेपाशी दुमडून वर पट्टा बांधायचा. धुवायचा झाला की सगळा उसवायचा, तुकडे टोकाला टोक जोडायचे, पुन्हा ठाण तयार. धुऊन, ताणून, वाळवून पुन्हा शिवायचा. आईचा लेकीच्या मापाने. मी नाक वर करून म्हटलं, आमच्या नऊवारीला तर कात्रीच लागत नाही. तिने सुईत दोरा ओवला. दुपारच्या चहाला म्हणाली, "पण तुमची उसवता येत नाही." हा गुण की खोट? तुम्हीच सांगा.

तिचा स्वतःचा किमोनो मी पाहिला तो एका सोमवारी. तिची नात, युनीत शिकणारी, खोक्यातून तो घेऊन आली. जांभळट निळा रेशमी, त्यावर बाणाच्या पिसांची नक्षी, रांगेमागून रांग. शुक्रवारी पार्टी होती आणि तिला तो गुडघ्यापर्यंत कापून हवा होता.

"नॅन, खोक्यात पडून काय होणार त्याचं? तूच मला दिलास ना?"

"नो वरीज," म्हातारी म्हणाली. मी गार पडले. जी पोरांच्या पॅन्टला कात्री लावू देत नव्हती, ती नो वरीज म्हणाली.

नात गेल्यावर तिने सांगितलं ते तुकड्यातुकड्याने, टाचण्या तोंडात धरून. सुटलेला बाण परत येत नाही, म्हणून तिकडे नवरीला ही नक्षी देतात. माहेरी परतायची वेळ येऊ नये. बोटीवर चढताना तिच्या आईने हाच दिला होता, आणि ती खरंच कधी परत गेली नाही. पुढे तिच्या लेकीने स्वतःच्या लग्नात तो मागितला. लेकही अशीच जाईल या भीतीने हिने नाही म्हटलं. लेक रुसून देशाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थला गेली आणि किमोनो न घालताही परत आली नाही. फोनसुद्धा नाही. आता या घरी येणारी, त्या लेकीची ही एवढी एकच पोर उरली होती.

"पुन्हा नाही म्हणू?" तिने मला विचारलं. मी उठून चहाचं पाणी ठेवलं.

चार दिवस तो किमोनो कपड्यांच्या दांडीवर टांगलेला. ती त्याच्याकडे पाठ करून बसायची. गुरुवारी माझी मोठी कात्री मी इस्त्रीच्या टेबलामागे लपवली. शुक्रवारी सकाळी ती टेबलावर परत होती, धार लावलेली.

दुपारी नात आली. आरशासमोर हसत हसत तिने किमोनो अंगाभोवती लपेटला, उजवी बाजू डावीवर. म्हातारीने तिचा हात असा धरला की पोर कळवळली.

"तसं मेलेल्या माणसाला नेसवतात."

पोरीचे डोळे भरले. आता ही दाराबाहेर जाणार, मला वाटलं. म्हातारीने हात सोडला. डावी बाजू उजवीवर आणली, कॉलर नीट केली. मग किमोनो काढून टेबलावर पसरला आणि कात्री उचलली.

ती नातीपुढे धरली. दुसऱ्या हातात टाके उसवायची छोटी सुरी होती.

"तुझा आहे. कापायचा तर तू काप. मी नाही करू शकत, लव्ह."

पोरीने किमोनोवरून हात फिरवला. मग तिने कात्री घेतली, कापडापर्यंत नेली, आणि खाली ठेवून सुरी उचलली. बाहीची शिवण उघडली तशी ती वाकली. आतला रंग गडद होता, पावसाळी जांभळासारखा. इतक्या वर्षांची हवा तिथे पोचलीच नव्हती.

"व्हॉट," एवढंच ती म्हणाली, आणि पुढची शिवण उसवायला बसली.

पार्टीची वेळ टळून गेली. मधेच तिने आईला फोन लावला. सांगत होती, आतला रंग बघायला हवा होतास. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. पोरीने फोन नॅनपुढे धरला. म्हातारीने हात पुसले, स्वतःची कॉलर सारखी केली आणि फोन घेऊन पडद्यामागे गेली. मी इस्त्री बंद केली. तिला नीट बोलता यावं म्हणून नव्हे, मला ऐकू यावं म्हणून. पण कानावर आलं ते एवढंच: "हॅलो, लव्ह."

ठाण तयार झालं. ते घेऊन म्हातारी त्या उन्हाळ्यात पर्थला गेली, आयुष्यात पहिल्यांदा. तिथेच लेकीकडे राहिली आणि तिथेच वारली. किमोनो कोणाच्या मापाने शिवला, विचारायचं राहून गेलं.

गेल्या वर्षी एक उंच पोरगा दुकानात आला. एका सिनियरकडून दुसऱ्याकडे होत आलेली सिक्युरिटीची काळी पॅन्ट, घोट्याच्या वर चढलेली. मावशी, हिचं काही होणार नाही ना, म्हणाला. मी काठ उलटा केला. आत मुंगीच्या पावलांएवढे टाके.

कात्री बाजूला सारून मी सुरी घेतली. चार बोटं कापड बाहेर आलं, कोरं करकरीत काळं.