उंदरांपुरतं बोलणाऱ्या नाडकर्णीबाई

नाडकर्णीबाई फोन कधी कानाला लावायच्या नाहीत. तळहातावर ताटलीसारखा धरायचा, स्पीकर लावायचा आणि जिन्यातच बोलायचं. मुलुंडच्या त्यांच्या बहिणीचे गुडघे दुखतात, हे आमच्या वाकोल्याच्या अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं. मोबाइलच्या लहरींनी मेंदूचं काय होतं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. उंदरांच्या पिंजऱ्यांजवळ फोन ठेवायचे, मग उंदीर पाण्याच्या हौदात सोडून त्यांना वाट आठवते का ते बघायचं. काही पिंजऱ्यांजवळचे फोन बंद असत. कुठले, ते प्रयोग संपेपर्यंत बाईंनाही कळू द्यायचे नाहीत.

कुणी विचारलं, "बाई, डोक्याला काही होतं का हो?" की उत्तर ठरलेलं. "मी उंदरांपुरतं बोलते. माणसांचं अजून नक्की माहीत नाही."

आणि लोक विश्वास ठेवणार ह्यांच्यावर! कॉलेजपासून मोबाइल टॉवरविरोधी पत्रकं वाटतोय मी, घसा फोडून सांगतोय. आणि माझी सख्खी आई डोकं दुखलं की दार वाजवणार बाईंचं. वर सोलकढीचा तांब्या माझ्याच हातून पाठवणार. जळायचो मी. अजून जळतो.

मग आमच्याच गच्चीवर टॉवर यायचं घाटू लागलं. भाड्यातून नवी लिफ्ट येणार म्हणून चेअरमन सावंतकाका खूश. मी लगेच पत्रक काढलं : 'खुद्द शास्त्रज्ञ बाई फोन कानाला लावत नाहीत! तुम्ही टॉवर डोक्यावर घेणार?' झकास होतं. 'माहीत नाही' छापून कुठला टॉवर अडलाय?

सोसायटीच्या सभेत सावंतकाकांनी पत्रक नाचवलं. "बाई, खरं का हे?"

"छे हो! कुडीची फिरकी टोचते कानामागे."

सभा खदखदून हसली. "वाट लागली रे निखिल तुझी!" मागून कुणीतरी ओरडलं. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या.

"तुला टॉवर नको ना?"

"नको."

"मग नको म्हण ना. गच्ची आपली आहे. नको म्हणायला आजार कशाला लागतो रे?"

"मलापण नको," वरच्या मजल्यावरच्या पाटीलकाकू उठल्या. "माझे पापड कुठे घालू मी?" मग एकामागून एक हात वर झाले. टॉवर गेला. दुसऱ्या दिवशी बिल्डिंगभर एकच : बाईंनी घालवला. बाईंनी!

निवृत्त होऊन बाई बहिणीकडे मुलुंडला गेल्या, तेव्हा टॅक्सी वळेपर्यंत आई रडत होती. मोर्च्यात पकडलं म्हणून मी दिवसभर पोलीस ठाण्यात बसून आलो होतो, तेव्हा पोळ्या गार झाल्या म्हणून ओरडली होती.

परवा खारदांड्याहून दोघी मासळीवाल्या आल्या. त्यांच्या बिल्डिंगवर टॉवर येतोय. "त्या उंदीरवाल्या बाईंना आणशील का रे?" मी गुमान फोन लावला. स्पीकरवर.

"अहो, मी उंदरांपुरतं बोलते," बाई म्हणाल्या. "टॉवरचं त्याला विचारा. समोरच बसलाय ना?"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी खुर्ची पुढे ओढली.

"तुमच्या गच्चीवर काय वाळवता?"

"जवळा," थोरली म्हणाली, आणि ताठ बसली.

गच्चीची ही युक्ती मुळात बाईंची, ते काही मी सांगितलं नाही.