दोन थेंब तेल

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की मला पलूसचे आमचे चुलते आठवतात आणि तोंड कडू होतं. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे, म्हणून जगातलं प्रत्येक यंत्र आपल्याला कळतं असा त्यांचा समज. मी जुना घेतलेला लॅपटॉप आतून कटकट वाजायला लागला, तेव्हा त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि मोटारीचं ऐकावं तसं डोळे मिटून ऐकलं. "बेरिंग सुकलंय. तेल मागतंय." मी म्हटलं, "आवं काका, हार्ड डिस्कला तेल घालत न्हाईत. माझा तीन वर्षांचा प्रबंध हाय ह्यात, दुसरीकडं कुटं न्हाई." "आर्धा तालुका माझ्याकडं मोटारी आणतोय. तू शिकिवणार व्हय रं मला?" त्यांनी डिस्क उघडली आणि आतल्या आरशासारख्या चकतीवर लांब नळीच्या डबीतून दोन थेंब सोडले. पुन्हा चालू केल्यावर आवाज खरंच बंद झाला, आणि त्याच्याबरोबर प्रबंधही गेला. "बघ, कसं गप झालं," म्हणत त्यांनी चहा मागितला. त्यांच्या अडाणीपणाचा हा किस्सा मी आजही चारचौघांत रंगवून सांगतो. फक्त डिस्क उघडताना त्यांना नीट दिसावं म्हणून मोबाइलचा उजेड मीच धरला होता, तेवढं गाळतो.