तीन नंबरचा पट्टा

घर रंगवायचं ठरलं तेव्हा मी वहीत वारांसकट यादी केली. सामान हलवणे, भेगा भरणे, रंग ठरवणे. पहिली दोन कामं दोन दिवसांत उरकली. तिसऱ्यावर सगळं अडकलं, कारण रंग मामंजी ठरवणार होते, म्हणजे माझे सासरे.

त्यांचा जन्म चादरीच्या कारखान्यात सुताला रंग देण्यात गेला. सुताची लडी दाराच्या उजेडात धरून दोन पिवळ्यांतला फरक सांगणारा माणूस. त्यांना विचारल्याशिवाय भिंतीला ब्रश लावायचं आमच्या घरात कुणाला सुचलंही नसतं. म्हणून बाहेरच्या खोलीतल्या पांढऱ्या भिंतीवर पेंटरकडून चार पट्टे मारून घेतले, सगळे फिके, आणि खाली पेन्सिलीने नंबर घातले.

पहिल्या दिवशी मामंजी म्हणाले, ओल्या रंगाचं काही खरं नसतं, वाळू दे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, सकाळच्या उन्हात बघू. तिसऱ्या दिवशी ट्यूबलाइटमध्ये बघायचं निघालं. तोवर माझ्या नवऱ्याला तीन नंबर आवडला होता, नणंदेनेही फोटो बघून फोनवर तीनच सांगितला. मामंजी खुर्चीत बसून सगळं ऐकत होते.

चौथ्या दिवशी सकाळी मला तो तीन नंबर उन्हात गुलाबी मारतोय असं वाटलं. पेंटरला सांगून त्यावर पांढरा फिरवला. दुपारपर्यंत तो वाळला आणि तिथे नुसती भिंत उरली.

मामंजी झोपून उठले, भिंतीसमोर गेले, हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

"तीनच बरा," ते म्हणाले. "पण आणि एकदा उन्हात बघू की."

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी हसलेही. पण त्यांच्या तोंडावर चेष्टा नव्हती. ते कोऱ्या भिंतीकडे बघत होते, नीट पारखून बघावं तसं.

मी विचारलं, तीन म्हणजे कुठला? त्यांनी दाराच्या चौकटीपासून भिंतीवर तळवा फिरवत आणला आणि बरोबर त्या जागी थांबवला. माझ्या विचारण्यावरूनच त्यांना कळलं असावं.

"पुसलास व्हय?"

मी हो म्हटलं.

दोन वर्षं झाली, असं त्यांनी हळूहळू सांगितलं. डावा डोळा गेल्यातच जमा, उजव्याला धुकं. "रंगमास्तरला रंग दिसत न्हाय, हे कुणाला सांगू?"

दोन वर्षं. सिलिंडर कधी संपेल ते मी आठवडाभर आधी सांगते. आणि हा माणूस माझ्यासमोर टेबलाची कड चाचपून चहाचा कप उचलत होता. पेपर मोठ्याने वाच, ऐकायला बरं वाटतं, म्हणायचा, तर मला कौतुक वाटायचं. संध्याकाळचं फिरणं त्यांनी गुडघ्यांवर ढकलून बंद केलं, तेव्हा मी यादीत 'गुडघ्याचं तेल' लिहिलं, आणलं आणि त्यावर रेघही मारली. ती रेघ अजून वहीत आहे. मला ते पान उलटवत नाही.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू. डाव्याचं गेलं ते येणार नाही, उजव्याचं आहे तेवढं राखायचं, थेंब एकदाही चुकवायचे नाहीत. थेंबांच्या वेळा मी वहीत दोनदा लिहून घेतल्या. मामंजीच म्हणाले, चल, पेंटर खोळंबला असंल.

रिक्षात मी नवी यादी केली. भिंती पांढऱ्याच. चौकटी, पायऱ्यांच्या कडा, बाथरूमचा उंबरा, सगळं गडद तपकिरी. पेंटरने नाक मुरडलं. आधी एकच चौकट रंगवून घेतली आणि मामंजींना खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं.

त्यांनी मान तिरकी केली, जरा वेळ लावला आणि बोट केलं. बरोबर दाराकडे.

"त्ये दार," ते म्हणाले. आणि मग, "भिंतीला लई वाईट दिसतंय की ग."

मी म्हटलं, दिसतंय खरं. आणि पेंटरला दुसरा हात मारायला सांगितला.