दाराजवळचे न्यायाधीश

कोल्हारहून नगरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत एक फेटेवाले बाबा दाराजवळच्या सीटवर बसून रोज इतिहासाला शिक्षा ठोठावायचे. नाव मी कधी विचारलं नाही. न्यायाधीशाला कोण विचारतं? राजधानी हलवणारा सुलतान एकदा सुटला, पण शत्रूला आतून दरवाजा उघडणाऱ्या किल्लेदाराला माफी नव्हती. "मुलूख त्यानंच बुडवला!" म्हणत ते मांडीवर थाप मारायचे.

परवा गाडी खच्चून भरली होती. थांब्यावर बाहेरून दार बडवलं गेलं.

"बाबा, उघडू नका!" आम्ही ओरडलो.

बाबांनी काचेतून पाहिलं आणि कडी काढली. एक म्हातारी चढली. तिच्यामागून अख्खा बाजार टोपल्यांसकट घुसला.

दाराशी चेंगरलेले बाबा हळूच म्हणाले, "त्या किल्लेदाराचंबी आसंच कायतरी झालं आसंल."