पूजेबाहेरचं हेल्मेट

आमच्या अग्निशमन केंद्रात मंजूर पदं किती हे भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलेलं होतं आणि भरलेली किती हे खुर्च्या पाहून कळायचं. प्रमुख, ज्यांना आम्ही साहेब म्हणायचो, एक ड्रायव्हरमामा, एक जाडजूड फायरमन आणि मी, एवढा आमच्या पाळीचा फौजफाटा. सातारा जिल्ह्यातलं कृष्णाकाठचं गाव. घाट, देवळं आणि बोळ इतके अरुंद की मोठा बंब त्यांत शिरायचा नाही. बोळांसाठी छोटा बंब होता, पण मी रुजू झाल्यापासून तो गॅरेजातच होता. महापुरानंतर मिळालेली एक रबरी बोटही होती. तिला उंदीर लागू नयेत म्हणून साहेब स्वतः तिच्या घड्यांमध्ये डांबराच्या गोळ्या ठेवायचे.

मी सांगलीकडची, जैन शेतकऱ्याची मुलगी. आमच्या घरी पाणी गाळून प्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं, आणि पोरीनं बंबावर चढायचं हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तरी वडिलांशी भांडले, मुंबईला जाऊन प्रशिक्षण घेतलं, जिवंत माणूस खांद्यावर टाकून शिडी उतरले. मग इथं नेमणूक झाली आणि पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, "ताई, तुमी फोन सांबाळा. भायरचं आमी बगतो."

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, आणि हेच जास्त अवघड होतं. खोट असती तर भांडले असते. साहेब मला लेकीसारखं वागवायचे, माझ्या चहात साखर जास्त झाली तर चहावाल्याला बदलून आणायला लावायचे, आणि बंबावर तेवढं चढू द्यायचे नाहीत. वर्दी आली, म्हणजे कुठून बोलावणं आलं, की ती मी लिहून घ्यायची, हे तिघं बंबात बसून जायचे आणि परत आले की काय झालं ते मला तिखटमीठ लावून सांगायचे. साप निघाला तर सर्पमित्राचा नंबर द्यायचा, मुलींच्या शाळेत जाऊन गॅस बंद कसा करायचा ते दाखवायचं, ही माझी कामं. पाचगणीला कुणी मंत्री हेलिकॉप्टरनं येणार असला की बंब वर घाटात जायचा, धूळ उडू नये म्हणून हेलिपॅडवर पाणी मारायचा आणि मग नियमाप्रमाणे तिथंच उभा राहायचा. त्या दिवशी साहेब बुटाला दोनदा पॉलिश करायचे. एकदा मी म्हटलं, मलाही न्या. तर म्हणाले, त्या पंख्याच्या वाऱ्यानं तुम्ही उडून जाल. माझं नवंकोरं हेल्मेट कपाटात, कारखान्यातून आलं त्याच प्लास्टिकच्या पिशवीत पडून होतं. मला एक, फक्त एक वर्दी हवी होती.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी सुतार करवतीची पूजा करतो, शिंपी मशिनची, मग बंबवाल्यांनी कुणाची करायची हे काय सांगायला हवं? साहेबांनी झाडून सगळं साहित्य बाहेर काढलं. हॉलमध्ये मोठे पाट मांडून त्यांवर कुऱ्हाडी, कटर, दोर, नोझल, शिडी, आणि बोटसुद्धा अर्धी फुगवून ठेवली. पुढच्या पाटावर हेल्मेटं. रांगोळी कुणी काढायची हा प्रश्न कुणालाच पडला नाही. ती काढता काढता मी हेल्मेटं मोजली. तीन होती.

 रांगोळीतल्या कमळाची एक पाकळी रागानं फारच मोठी झाली.

पूजेला आलेले गुरुजी आमच्या गावातले नावाजलेले. अंगानं भरलेले, आवाज खणखणीत, आणि त्या दिवशी त्यांच्यामागं अर्ध्या गावच्या पूजा. त्यांनी मन लावून एकेका कुऱ्हाडीला कुंकू लावलं, कटरला झेंडूची माळ घातली, बोटीवर अक्षता टाकल्या. जाताना साहेबांना बजावून सांगितलं की उद्या दसऱ्याला सकाळी मी येऊन उत्तरपूजा करीन, तोवर पाटावरची एकही वस्तू हलवायची नाही. साहेबांनी विचारलं, आग लागली तर? गुरुजी म्हणाले, आगीला शास्त्र आडवं येत नाही, पण बाकी कशासाठी हात लावायचा नाही. एवढं बोलून नारळांची पिशवी खांद्याला लावून ते पुढच्या पूजेला गेले. ड्रायव्हरमामांनी बंबाला ऊस आणि केळीचे खुंट बांधले, चाकाखाली लिंबं ठेवली. जाड्या फायरमनच्या घरी बोकड पडलं होतं, म्हणून तो लवकर घरी पळाला.

आणि दुपार कलली तशी वर्दी आली. नव्या इमारतीतल्या वॉचमनचा फोन होता. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत एक माणूस होता. लिफ्टवाल्या कंपनीनं आज सुट्टी म्हणून सांगितलं होतं, वर गच्चीवरच्या मशिनच्या खोलीला कुलूप होतं, आणि किल्लीसकट इमारतीचे अध्यक्ष खंडेनवमीच्या जेवणाला आपल्या गावी गेले होते.

साहेब उठले, पाटांपर्यंत गेले आणि थबकले. कुलूप तोडायला कुऱ्हाड हवी, आणि कुऱ्हाडीच्या कपाळावर कुंकू. आग असती तर त्यांनी विचारही केला नसता. पण ही आग नव्हती, लिफ्ट होती. मामा म्हणाले, गुरुजींनाच विचारा की. साहेबांनी फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला आणि सांगितलं, गुरुजी, एका लिफ्टात कुणीतरी अडकलंय, हत्यारं पाटावरून उचलली तर चालतील का?

 पलीकडून गुरुजी म्हणाले, "अहो, ते कुणीतरी म्हणजे मीच आहे."

आम्ही तिघंही पाटांकडं बघत राहिलो. साहेब म्हणाले की मग तर बरंच झालं, आता तुम्हीच परवानगी द्या. मला वाटलं, गुरुजी एका दमात हो म्हणतील. पण सकाळपासून त्यांनी छापखान्यात, गिरणीत, गॅरेजात हेच सांगितलं होतं. स्वतः अडकले म्हणून शास्त्र सैल केलं, तर उद्या गावात त्यांचं कोण ऐकणार? "हलवू नका," ते म्हणाले, पण आवाज सकाळइतका खणखणीत नव्हता. "पूजेत नसलेलं काहीच नाही का तुमच्याकडे? इथला पंखाही बंद पडलाय हो."

साहेबांनी हॉलभर नजर फिरवली. सगळं पाटावर होतं. सगळं त्यांनी स्वतः, हौसेनं मांडलं होतं.

"माझं हेल्मेट आहे, साहेब," मी म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग पुढच्या पाटावरच्या तीन हेल्मेटांकडं पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की त्याची थोडी लाजही वाटली नाही. मी कपाट उघडलं, पिशवी टराटरा फाडली, हेल्मेट घातलं. कपाटाचं दार आपोआप मिटू नये म्हणून त्याला टेकवून ठेवलेली एक गंजकी पहार होती. तिचीही कुणाला आठवण राहिली नव्हती. तीही घेतली.

राहता राहिला बंब. साहेब म्हणाले, त्याचीही पूजा झाली आहे. तेव्हा ड्रायव्हरमामा पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलले. "आवं, गाडीचं येगळं असतंय. लिंबू चिरडल्याबिगर गाडीची पूजा पुरीच हुत न्हाई." आणि ते चढले. मी पुढं त्यांच्याशेजारी बसले. साहेब बोडक्या डोक्यानं माझ्या पलीकडं बसले. लिंबं फुटली आणि आम्ही निघालो.

सायरन चालू होता, पण ऊस, केळी आणि झेंडूच्या माळा बघून पेठेतल्या लोकांना वाटलं देवीची मिरवणूकच निघाली. रस्ता सोडायच्या ऐवजी माणसं हात जोडून उभी राहिली. एका आजींनी खिडकीतून माझ्या दिशेनं फुलं टाकली. मामा कपाळाला हात लावत, हळूहळू बंब काढत राहिले.

इमारतीत प्रत्येक मजल्यावर सल्ला द्यायला माणसं हजर होती. मी आधी लिफ्टचा मेन स्विच बंद केला, मग गच्चीवर धावले. साहेब मागून धापा टाकत आले. पहार कुलपात घालून अंगाचा सगळा जोर लावला तेव्हा कोयंडा उचकटला. मशिनच्या खोलीत शिरताना साहेबांचं डोकं वरच्या लोखंडी तुळईवर असं आपटलं की आवाज खाली लिफ्टमध्ये ऐकू गेला आणि गुरुजींनी काय झालं म्हणून विचारलं. माझं हेल्मेटही त्याच तुळईला लागलं, पण मला काही झालं नाही.

वीज नसली की लिफ्ट हातानं चाक फिरवून उतरवायची असते. एकानं ब्रेकचा दांडा ओढून धरायचा, दुसऱ्यानं चाक फिरवायचं. मी चाकाला हात घातला. साहेबांनी एकदा माझ्या हातांकडं पाहिलं, आणि मग दांडा ओढून धरला. चाक लय जड होतं. मी फिरवत होते आणि साहेब कपाळावरचं टेंगूळ विसरून हळू आवाजात म्हणत होते, "आनी थोडं. आनी थोडं, बाळा." आठ महिने ते मला ताई म्हणत आले होते. बाळा पहिल्यांदाच.

लिफ्ट खालच्या मजल्याला टेकली आणि दार उघडून गुरुजी घामानं निथळत बाहेर आले. नारळांची पिशवी खांद्यालाच होती. मी खाली पोचले तेव्हा त्यांनी माझं हेल्मेट निरखून पाहिलं आणि विचारलं, हे सकाळी राहून गेलं होतं का? साहेब भिंतीकडं बघायला लागले. मी म्हटलं, राहिलं म्हणूनच आले.

गुरुजींनी पिशवीतून करंडा काढला, हेल्मेटला तिथंच जिन्यात कुंकू लावलं, चार अक्षता टाकल्या आणि वरच्या मजल्यावरच्या पूजेला गेले. या खेपेला जिन्यानं.

केंद्रावर परतल्यावर साहेबांनी माझ्या हातातून हेल्मेट घेतलं. पुढच्या पाटावरच्या तीन हेल्मेटांना धक्का न लावता ते त्यांच्या शेजारी मांडलं. मग पुन्हा उचलून तिन्हींच्या पुढं, मधोमध ठेवलं.  तेवढ्यात मामा म्हणाले की आता ते पूजेत बसलं, म्हणजे उद्या उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

म्हणजे आजची रात्र पुन्हा फोन. मी फोनपाशी जाऊन बसले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच ती खुर्ची मला टोचली नाही.